गोरं रोप

राख म्हणालात तुम्ही. गाडीची काच अर्धी खाली घेतलीत, शेडमागच्या पांढऱ्या ढिगाकडे हनुवटीनं दाखवलंत आणि म्हणालात, राख आहे, न्या, शेतात टाका, तुम्हा लोकांना लागतेच. तुम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणाल तर ते त्याहून वाईट, कारण मग न बघता बोललात, आणि न बघता बोलणाऱ्याला कंपनी गाडी देते. हे सगळं कान्हा, समोर नसलेल्या कंपनीच्या साहेबाला, ओठ न हलवता बोलत होता. खोपोलीतल्या पत्र्याच्या चाळीत, आपल्याच खोलीच्या उंबऱ्यावर, एका पायातली चप्पल काढलेली आणि दुसऱ्या पायातली तशीच, असा तो खिळून राहिला होता. समोर मोरीच्या कडेला त्याची बायको आवडी बसली होती. मांडीवर डालड्याचा डबा, आणि डब्यातलं मातीचं ढेकूळ ती दाढेखाली फोडत होती.

आवडी माती खाते हे त्याला माहीत होतं. सगळ्या चाळीला माहीत होतं. पोट दिसायला लागल्यापासून तिला भाताचा वास नकोसा झाला आणि भाजक्या मातीचा हवासा, तेव्हा कान्हाच्या आईनं, येसूबाईनं, पोशीरहून फडक्यात बांधून ढेकळं धाडायला सुरुवात केली. राबातली ढेकळं. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, गवत आणि झाडांच्या टहाळ्या रचून जाळायच्या, जमीन भाजून घ्यायची, आणि पाऊस धरला की त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी फेकायचं, तो राब. रोप तिथं वर येतं, मग उपटून शेतभर लावायचं. पोशीरला कुणाच्याही घरी बाई पोटुशी असली की राबातली चार ढेकळं तिच्यासाठी बाजूला निघतात, जशी गाय व्यायलेल्या घरातून खरवसाची वाटी निघते. कान्हानं लहानपणी स्वतः ती आईला आणून दिली होती, धाकटा भाऊ पोपट पोटात होता तेव्हा. आई ढेकळावर तांब्यातलं पाणी शिंपडायची, आधी डोळे मिटून नुसता वास घ्यायची, मग खायची, आणि आजूबाजूच्या बायका हसत म्हणायच्या, येसू, शेत खाऊन टाकशील गं नवऱ्याचं. त्यामुळे आवडीला खाताना बघून कान्हाला कधी काही वाटलं नव्हतं. उलट बरं वाटायचं. कंपनीतली पाळी करून आलं, खोलीत तो खरपूस वास असला, की आपण अजून कुठलेतरी आहोत असं वाटायचं.

आज ढेकूळ फुटलं तेव्हा त्याच्या करड्या पोटात पांढरा कण दिसला. तांदळाच्या कणीएवढा. त्या पांढऱ्याला कान्हानं कुठेही ओळखलं असतं. ते त्याच्या बुटांच्या शिवणीत बसलेलं असायचं, नखांत असायचं, भुवयांत असायचं. कुंभिवलीच्या पुढे हायवेला लागून त्याची कंपनी होती, तिथं शेडमागून नुसतं चालत गेलं तरी ते अंगावर यायचं. ते पांढरं त्यानंच टेंपोत भरून पोशीरला नेलं होतं. राबात टाकलं होतं. आणि ते राबातून, आईच्या फडक्यातून, डालड्याच्या डब्यातून फिरत फिरत परत त्याच्या खोलीत आलं होतं आणि आता आवडीच्या जिभेवर होतं.

"थुंक," तो म्हणाला.

"काय?"

"थुंक आधी. मोरीत."

आवडीनं गिळलं. "आईंनी धाडलंय. तुमी कशाला डोळं वटारताय? तुमचं काय खाल्लं मी?" मग त्याच्या पायाकडे बघून तिला हसू आलं. "दुसरी चप्पल काढा नायतर पयली घाला. असं काय उभं ऱ्हायलाय बगळ्यासारखं."

"हे पांढरं ह्याच्यात कवापासून हाय?"

"ह्या वर्साच्या मातीत हायच. जिभेला जरा चुणचुणतं. बरं लागतं."

चुणचुणतं. त्याला बसावंसं वाटलं आणि तो बसला, दारातच. आपणच नेलं. हे वाक्य त्याच्या डोक्यात आलं आणि त्यानं ते बाहेर ढकललं, आणि ते परत आलं. ह्या उन्हाळ्यात जंगलखात्याच्या गार्डानं रानात बायकांचे कोयते काढून घेतले होते. आणीबाणी उठून वर्ष झालं, आता कुणी कुणाला धरणार नाही असं लोक म्हणत होते, पण गार्डाला ते कुणी कळवलं नव्हतं. टहाळ्या नाहीत तर राब भाजायचा कशानं? नुसत्या गवतानं जमीन वरवर काळी होते, भाजत नाही. राब कच्चा राहिला की रोप किरटं येतं. पोशीरचा जो तो हेच बोलत होता, राखेला काय करायचं, राखेला काय करायचं, आणि होळीला गावी गेलेला कान्हा ओटीवर बसून ऐकत होता. कंपनीत लागल्यापासून गावात त्याला कुणी काही विचारत नसे. शेत पोपट बघायचा. कान्हा सणाला जायचा, पाहुण्यासारखा पाटावर बसून जेवायचा, आणि आई पोपटला म्हणायची, त्याला नको सांगू चिखलात उतरायला, त्याची सवय गेली. सवय गेली. त्या दिवशी ओटीवर त्याच्या तोंडातून निघून गेलं, राख मी देतो. मी देतो म्हणताना छाती कशी भरून आली होती ते त्याला आता आठवलं. पण त्यानं चोरून नेलं नव्हतं. साहेबाला विचारलं होतं. हात जोडून विचारलं होतं. साहेबानं वर कंपनीचा टेंपो दिला, कारण तो ढीग हलवायला कंपनीला माणसं लावावी लागली असती आणि इथं माणसं पाया पडून तो घेऊन जात होती. पोशीरला टेंपो शिरला तेव्हा लोकांनी त्याच्यापुढे नारळ फोडला. पोरांनी पांढरं तोंडाला फासून नाच केला. राबाच्या कच्च्या काळ्या जमिनीवर सगळ्यांनी ते घमेल्यांनी पसरलं, जाड, हात आखडता न घेता, कारण फुकटची वस्तू कमी टाकणं म्हणजे आणणाऱ्याचा अपमान. थोडी टाकली असती तर? बुधाजी म्हातारा म्हणाला होता, कान्हा, तुजा बाप असता तर छाती फुगली असती रं त्याची. आणि कान्हाला वाटलं होतं, फुगली असती.

दुपारच्या आत पोपट आला. भिजून आला होता. त्यानं कमरेला खोचलेलं ओलं फडकं काढलं, खोलीच्या मध्यभागी सोडलं आणि त्यातून रोपाची एक मूठ फरशीवर टाकली.

"घे," तो म्हणाला. "तुजी राख उगवली."

रोप वीतभर होतं. खालची पानं हिरवी होती, आणि वरची, नवी, शेंड्याची, पांढरट होती. पिवळी म्हणावी तर पिवळीही नाहीत. अंधाऱ्या कोठीत उगवलेल्या मोडासारखी. पान उजेडाकडे धरलं तर त्यात हिरव्या बारीक रेघा दिसत होत्या, म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारख्या, आणि रेघांच्या मध्ये काही नव्हतं.

"सगळ्या राबाला हेच?"

"सगळ्या. गावात म्हनतात, कान्हाच्या कंपनीचं रोप हाय, सायबाच्या पोरांसारखं गोरंच येनार."

"खत मारलं?"

"मारलं की. खतवाला म्हनला, पिवळं दिसलं म्हंजे युरिया. युरिया मारला तर आजून गोरं झालं. आता काय पावडर लावू त्याला?" पोपट हसला आणि हसता हसता त्याचा जबडा तसाच राहिला. "दादा, बी संपलंय. हे मेलं तर लावायला काडी नाय. लोक तुला बोलावतायत."

कान्हा आवडीकडे बघत होता. ती चहा गाळत होती, आणि पत्र्याच्या भोकातून आलेला उजेड तिच्या हातावर पडला होता. ही एवढी पांढरी कधी झाली? रोज बघतो म्हणून दिसत नाही काय? तो उठला, तिच्या हनुवटीला धरलं आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. पोपटसमोर. आवडी लाजेनं आणि रागानं मागे सरकली, गाळणं खाली पडलं. पण त्यानं बघितलं होतं. पापणीच्या आत लाल असायला हवं तिथं सोललेल्या काकडीसारखं होतं. एकच माती. खाणारी दोन. आवडी बोलते, हसते, भांडते, पण तिच्या आत काय चाललंय ते ती दाखवू शकत नाही. रोप बोलत नाही, पण त्यानं तोंडावर रंग आणून दाखवलाय. तर मग रोपालाच विचारायचं. रोपाला काय झालं हे कळलं की आवडीनं काय खाल्लं हे कळेल. एवढं एक त्याला सुचलं, आणि बुडणारा माणूस जसा हाताला लागेल तो वेल धरतो तसं त्यानं ते धरलं. डालड्याचा डबा त्यानं पिशवीत टाकला. आवडी म्हणाली, "मग मी काय खाऊ?" एवढ्या साध्या आवाजात विचारलं, की त्याला तिच्या अंगावर ओरडता आलं नाही आणि तिला जवळही घेता आलं नाही.

कर्जतला उतरून त्यानं शेतकी खात्यातल्या पाध्यांना गाठलं. पाध्ये भाताचं बघायचे. वाळका माणूस, छत्रीची एक काडी मोडलेली. कान्हानं रोप दाखवलं तसं ते सायकलला कुलूप लावून एसटीत चढले. पोशीरला राबाच्या बांधावर सगळं गाव उभं होतं. कुणी कान्हाला राम राम घातला नाही. नारळ ज्यांनी फोडला होता तेच होते. पाध्ये चिखलात उकिडवे बसले आणि एक रोप मुळासकट उपटून त्यांनी तळहातावर आडवं ठेवलं.

"जुनं पान बघा," ते म्हणाले. "हिरवं आहे. युरियाची भूक असती तर आधी हे पिवळं पडलं असतं. त्या भुकेला रोप जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, जुनं मरतं आणि नवं जगतं. इथं उलटं आहे. जुनं धट्टंकट्टं आणि नवं उपाशी. म्हणजे लोह. लोह एकदा पानात बसलं की तिथंच बसतं. जुन्या पानाला ते नव्यासाठी सोडता येत नाही."

"मातीत लोखंड कमी हाय म्हनता?" पोपटनं विचारलं. "आमची तांबडी माती, सायेब. कुदळ टाकली तर लोखंडावर आपटते."

"आहे. भरपूर आहे. रोपाला उचलता येत नाही. ताटात भात आहे आणि तोंड शिवलंय, असं समजा." पाध्यांनी खिशातून औषधाची छोटी बाटली काढली आणि मातीवर त्यातल्या आम्लाचे दोन थेंब टाकले. माती फसफसली. फेस आला. बायका पुढे झुकल्या. "चुना," पाध्ये म्हणाले. "कुणी टाकला एवढा चुना?"

सगळे कान्हाकडे बघायला लागले, आणि कान्हाला, त्या क्षणी, त्या नजरांमध्ये उभं राहून, हलकं वाटलं. कुणाला खरं वाटणार नाही, पण त्याला हसावंसं वाटलं. चुना. नुसता चुना. पानाला लावतात तो. आवडीनं चुना खाल्लाय. त्यानं पिशवीतला डबा काढून पाध्यांपुढे धरला, आणि बायको खाते असं न सांगता विचारलं की हे माणसाच्या पोटात गेलं तर. पाध्यांनी डब्यात वाकून बघितलं. नंतर म्हणाले, "रोपाचं मला विचारा. माणसाचं विचारू नका, मला येत नाही." पण डब्यातलं ढेकूळ त्यांनी हातात घेतलं नाही, हे कान्हानं बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पाण्यात विरघळवून फवारायची होती, शेणाचा काला सोडायचा होता, आणि राबाला बांध घालून पाणी कोंडायचं होतं, म्हणजे दडलेलं लोह सुटतं, असं पाध्यांनी सांगितलं. कान्हा पाळीवर गेला नाही. पाठीवर पंप घेऊन तो वाफ्यावाफ्यातून चालत होता, स्वतःच्या, भावकीच्या, बुधाजीच्या, ज्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्यांच्याही. बोटं हिराकसीनं गंजाच्या रंगाची झाली. पंपाचा दांडा वर-खाली करताना तो मनात तेच तेच म्हणायचा, हे हिरवं झालं तर ती बरी आहे. हे हिरवं झालं तर ती बरी आहे. आई बांधावर इरलं घेऊन बसायची. एकदा पाणी प्यायला तो तिच्याशेजारी टेकला, आणि तिनं भांडं पुढे केलं तेव्हा तिच्या नखांवर त्याची नजर गेली, म्हाताऱ्या बाईची जाड, सरळ, मातकट नखं, आणि त्याला दुसरी नखं आठवली. ह्याच हाताची. पोपट व्हायच्या आधीची. तेव्हा आईची नखं पळीसारखी उलटली होती, कडा वर आणि मध्ये खळगा. त्या खळग्यात पाण्याचा थेंब ठेवला तर तो सांडत नसे. कान्हा आणि शेजारची पोरं ओळीनं तिच्या नखांत थेंब ठेवायची, आणि कुणाचा थेंब जास्त वेळ राहतो ते बघायची, आणि आई भिंतीला टेकून, हात पुढे पसरून, त्यांना खेळू द्यायची. तिला उठवत नसे म्हणून ती बसून असायची. बायका म्हणायच्या, डोहाळे कडक आहेत. पोपट जन्मला तेव्हा मांजराच्या पिलाएवढा होता आणि आई पुढे कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. डोहाळे. माती खाते म्हणून अंगात रक्त नाही, का रक्त नाही म्हणून माती खाते, असं एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नाही, बापाला नाही, सुईणीला नाही, तालुक्याच्या दवाखान्यातल्या कुणाला नाही. सगळ्यांनी मिळून तिला ढेकळं आणून दिली. प्रेमानं दिली. आणि तिच्या पोटात नवं पान होतं, आणि ती जुनं पान होती. पण बाईचं रोपासारखं नसतं, बाई लोखंडसुद्धा काढून देते. आवडीसुद्धा देत असेल. ह्या घटकेला, खोपोलीत, पत्र्याखाली, देत असेल. काय काय देत असेल ती? जे तिच्याकडं आहे ते सगळंच की. लोह दिलं तसं चुना दिला, आणि.

आणि काय, हे त्यानं पुढं येऊ दिलं नाही. भांडं खाली ठेवलं आणि पंप उचलला.

रोप हिरवं झालं. आधी फसवल्यासारखं, ठिपक्याठिपक्यांनी, मग एका सकाळी बांधावरून बघितलं तर राबावर हिरवी साय धरलेली. लोक वाफ्यांत उतरून पानं उलटीसुलटी करत होते. बुधाजीनं कान्हाच्या पाठीत थाप घातली आणि म्हणाला, "उतरला रं गोरेपणा. आता आपल्या पोरांसारखं दिसतंय." सगळे हसले. कान्हासुद्धा हसला, जोरात हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि तसाच घराकडे निघाला, कपडे बदलून खोपोलीची गाडी धरायला, आवडीला सांगायला. काय सांगणार होता? हिरवं झालं, एवढंच. तिला कळलंच नसतं तो काय म्हणतोय.

घराच्या दारात, तुळशीच्या पलीकडं, एक लहान वाफा होता. कोंबड्या येतात म्हणून त्याला काट्यांचं कुंपण होतं. तो वाफा गोरा होता.

त्यानं हिराकस मारली होती त्यालाही. पहिल्या दिवशी मारली होती. तो काट्यांतून आत गेला आणि रोप ओढलं, तर ते नुसतं हातात आलं. मातीनं धरलंच नव्हतं. मुळं आखूड होती, जाड, तपकिरी, टोकांशी जळलेल्या वातीसारखी. त्यांवर एकही पांढरा तंतू नव्हता. वाफ्याच्या मातीवर ढेकळं फोडल्याच्या ताज्या खुणा होत्या, कुदळीच्या नव्हेत, हातानं उकरल्याच्या.

"आई," त्यानं हाक मारली. "आवडीची माती तू कुठनं काडतेस?"

"हितनंच की. दारातनं," येसूबाई आतून म्हणाली. "लांब राबात कोन जाईल, गुडघं बोलतात माजे." मग सुपातलं पाखडत ती दारात आली. "पयली बुधाजीच्या तिकडची धाडली व्हती. मग ह्यातली धाडली तर तिचा निरोप आला, हीच धाडत जा, ही गोडुस लागते म्हनून. मी म्हनलं खा बाई, तेवडंच मन भरतंय."

गोडुस. तो काट्यांत उभा होता, हातात ते बिनमुळांचं रोप होतं, आणि त्याला टेंपो आठवला, शेवटची खेप. मोठा ढीग तोवर संपला होता आणि टेंपो अर्धाच भरला होता. साहेब शेडमागून चालले होते. रुमाल नाकाला होता. ते थांबले, आणि कुंपणाच्या कोपऱ्यातल्या, ताडपत्रीखालच्या ढिगाकडे त्यांनी बोट केलं. तो पण उचला, म्हणाले, जागा मोकळी करा. तो पांढरा नव्हता, राखाडी होता, जड होता, फावड्याला चिकटत होता. अर्ध्या टेंपोचा माल गावाला वाटायला पुरला नसता, म्हणून कान्हानं तो आपल्याच दारात उतरवला होता. आपल्या घरासाठी. आईला लांब जायला नको म्हणून.

पाध्ये परत आले. थेंब टाकले. माती जराशी बुडबुडली आणि गप्प झाली. त्यांनी मुळं चष्म्याजवळ नेली, बोटानं चिरडली, वास घेतला आणि हात पुन्हा पुन्हा धुतले. "हे चुन्याचं नाही," ते म्हणाले. "ही भूक नाही. काहीतरी कमी पडलंय असं हे दिसत नाही, काहीतरी घातलं गेलंय. काय, ते मला पानावरून सांगता येणार नाही. माती पाठवतो तपासायला. पण प्रयोगशाळा विचारील, काय शोधू? हजार वस्तू आहेत. नाव मिळालं तर आठवड्यात कळेल. नाव नाही तर." त्यांनी वाक्य सोडून दिलं. जाताना छत्री विसरून गेले.

खोपोलीच्या डॉक्टरनं आवडीच्या पापण्या बघितल्या, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि काळ्या गोळ्या दिल्या. रक्ताच्या आहेत म्हणाला. कान्हानं डबा पुढे केला. डॉक्टरनं झाकण उघडून परत लावलं. "ह्यात काय आहे?" त्यानं विचारलं. तेच तर तुम्हाला विचारतोय, कान्हा म्हणाला. "नाव आणा," डॉक्टर म्हणाला. "उतारा असेलच असं नाही, पण नावाशिवाय मी काय देऊ? मी गोळी देईन ती कदाचित अजून वाईट करील." म्हणजे युरियासारखं, कान्हाच्या मनात आलं. पिवळं दिसलं आणि युरिया मारला. आवडी तपासायच्या टेबलावर बसून पदर सारखा करत होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एवढं काय झालंय? तोंड बघा तुमचं. माती काय जगात मी एकटीनंच खाल्लीय?" आणि थोडं चालल्यावर, त्याच्याकडे न बघता, "आज ते हललंच नाय. का हललं आनि मला झोप लागली व्हती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कंपनीत गेला, पण हजेरीचं कार्ड पंच न करता शेडमागे गेला. कोपऱ्यात ताडपत्री नव्हती. ढिगाच्या जागी ताजा तांबडा मुरूम पसरून रोलर फिरवला होता, आणि कुंपणाला हिरवा रंग दिला होता. तो मुरमावर बसला. बोटांनी उकरून बघितलं. खाली मुरूमच, त्याखाली मुरूम. नखांतून रक्त आलं तेव्हा थांबला. मग तो फाटकाकडे चालत गेला आणि आडव्या दांड्याच्या अलीकडे, रस्त्याच्या मध्यभागी उभा राहिला. वॉचमन म्हणाला, कान्हा, बाजूला हो, साहेबांची वेळ झालीय. कान्हा म्हणाला, म्हणूनच उभा आहे.

गाडी आली आणि थांबली. काच अर्धी खाली आली.

"काय पाहिजे?"

"कोपऱ्यातल्या ढिगाचं नाव."

साहेबांनी वॉचमनकडे बघितलं. वॉचमन दांड्याची दोरी बघायला लागला. "चुना होता तो," साहेब म्हणाले. "तुम्ही लोक पानाला लावता की. काही होत नाही त्यानं."

"मोठ्या ढिगात चुना व्हता. त्याला फेस आला. त्याचं रोप हिरवं झालं, मी केलं. कोपऱ्यातल्याला फेस नाय."

"कोपऱ्यात काही नव्हतं. जा, ड्यूटीवर जा. नसेल जायचं तर तसं सांग, बाहेर माणसं उभी आहेत."

"द्या त्यांना," कान्हा म्हणाला. दोन्ही हात त्यानं काचेच्या कडेवर ठेवले, हिराकसीनं गंजलेली बोटं आत, साहेबांच्या बाजूला. आवाज चढत नव्हता, चढवायला त्याच्यात काही उरलं नव्हतं. "नोकरी द्या त्यांना. खोली पन द्या. मी तुमचं नाव कुठं घेनार नाय, कोर्टात जानार नाय, गावाला सांगनार नाय. माजी बायको ते खात व्हती. गोड लागतं म्हनून खात व्हती, आनि माजी आई तिला धाडत व्हती, आनि दारात ते मी टाकलं. डाक्टर म्हनतो नाव आन. शेतीवाला म्हनतो नाव आन. ते तुमच्याकडं हाय, दुसऱ्या कुनाकडं नाय. कालपासनं पोर हललं नाय तिच्या पोटात. ताडपत्रीखाली काय झाकलं व्हतं तुमी? सायेब, माज्याकडं बघा. काय व्हतं त्यात?"